मास्तरांच्या नावाचा विस्तव

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच आवाजाची लाज वाटते. पेन्शन घेऊन बरीच वर्षे झाली. कितीतरी चोर-दरोडेखोर विसरलो, पण अकोल्याच्या ठाण्यात हात जोडून उभा असलेला तेरा वर्षांचा तो मुलगा काही डोळ्यांसमोरून हलत नाही. नावे कोणाचीच घेत नाही.

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते दिवस. रेल्वे अजून यायची होती. अकोटकडून येणाऱ्या बैलगाड्यांनी रस्ता अडून जाई आणि आवारात, ओसरीवर, देवळामागे, जिथे जागा सापडेल तिथे कापूस रचलेला असे. मी ठाण्याचा जमादार होतो आणि मला धास्ती एकाच गोष्टीची होती, आगीची. सकाळची हजेरी झाली की शिपायांना मी रोज तेच बजावी, कापसाजवळ चिलीम ओढताना कोणी दिसला तर आधी धरून आणा, मग विचारा.

आणि एका दुपारी, व्हायचे तेच झाले. एका बड्या अडत्याचे आवार पेटले. लोकांनी गठ्ठे ओढून बाजूला केले म्हणून गाव वाचले, पण आवाराचा म्हातारा राखणदार चांगलाच भाजला. "दोन दिवस काही सांगता येत नाही," असे वैद्य म्हणाले. म्हणजे तो दगावला तर आग लावणाऱ्यावर माणूस मारल्याचा आरोप येणार होता.

पंचनामा करून परततो तोच अडत्या आपल्या मुलाला घेऊन ठाण्यात हजर. मुलगा सोळा वर्षांचा, अंगाने भरलेला, डोक्यावर जरीची टोपी. सरकारी शाळेत वयाने सर्वांत मोठा तोच, आणि मास्तर बाहेर गेले की वर्ग त्याच्या ताब्यात असे. तो बेधडक म्हणाला, "आमच्या शाळेतला माळ्याचा पोरगा खापरात विस्तव घेऊन आवाराकडे जाताना मी पाह्यला."

तासाभरात शिपायांनी त्या पोराला आणले. बारीक अंगाचा, मान खाली, बोटांना शाईचे डाग. जमादार ओरडला की नाक्यावरचे बैल थांबतात, अशी शिपाई माझी थट्टा करीत. तोच आवाज मी त्या पोरावर लावला. "आग तू लावलीस?"

"मीच लावली जी."

"काहून?"

"असंच."

मी खूश झालो. कारकुनाने जबानी लिहून घेतली. अर्धवट जळलेला कापूस मुद्देमाल म्हणून पोत्यात भरून त्याच खोलीत ठेवला होता. पोरगा त्या पोत्यापासून जितके दूर जाता येईल तितके जाऊन भिंतीला चिकटला. "बघा, केलेलं डोळ्यांपुढं नको वाटतं," असे मी कारकुनाला मोठ्या शहाणपणाने सांगितले. दोन दिवसांनी त्याला अमरावतीला साहेबांपुढे उभा करायचा होता. तिथे फटके आणि तुरुंग ठरलेलेच होते.

एकच गोष्ट खटकली. बापाने जामीन दिला तर तोवर घरी जाता येईल, असे मी त्याला सांगितले. ते ऐकून त्याने माझे पाय धरले. "नका सोडू जी. मले इथंच राहू द्या." बापाच्या माराला भीत असेल, असे म्हणून मी तो विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीसाठी मोर्णा नदीच्या काठी पोराच्या घरच्या मळ्यात गेलो. आई वांगी तोडत होती. हातातली टोपली तिने खाली ठेवली नाही, उलट छातीशी घट्ट धरली. "माया पोरगा आग लावीन? विस्तव तं तो रोज मास्तराईसाठी नेते साहेब. दुपारी जेवाले येते अन् जाताना खापरात पेटती गोवरी नेते. मास्तराईची चूल इझते म्हणे रोज. आमच्या घरचा विस्तव मास्तराईच्या चुलीत जाते, आमाले केवढं वाटे!"

मी दहा पावले चाललो आणि थांबलो. मास्तर माझे शेजारी होते. एकटा माणूस, सोवळे नेसून स्वतःच्या हाताने रांधणारा. पहाटे चकमक झाडताना त्यांना मी रोज पाहत असे. परक्या चुलीतला विस्तव त्यांच्या चुलीत जाणे शक्यच नव्हते. त्या माउलीला मात्र मान मिळाल्याच्या आनंदात ही शंका आली नाही. आणि मी तर पोराला काही विचारलेच नव्हते.

शाळेत गेलो. "माझ्या घरी बाहेरचा विस्तव? काय बोलता जमादार!" मास्तर चिडलेच. पोराच्या हातात विस्तव पाहिल्याचे सांगणारा एकच होता. मी मुलांकडे वळून विचारले, "दुपारच्या सुटीत अडत्याचा मुलगा कुठे असतो?" सगळ्या माना एकदम पाटीवर वाकल्या. इतकी भ्यालेली शांतता मी दरोड्यानंतरच्या गावातही पाहिली नव्हती.

तिथून थेट आवारात आलो. मागच्या भिंतीला लागून एक बोळ राखेने भरला होता. ती राख उपसायला लावली. खापर निघाले आणि खापराखाली चांदीची पट्टी बसवलेली चिलीम. माळ्याच्या पोराची ही चिलीम नव्हे, हे आंधळ्यालाही कळले असते.

ठाण्यात दोघांना समोरासमोर उभे केले. मोठा नुसता खाकरला. लगेच धाकटा म्हणाला, "मीच लावली." मग मोठ्याला मी ओसरीवर पाठवले, पागोटे काढून ठेवले आणि पोरासमोर जमिनीवर बसलो. आवाज मुद्दाम उतरवला. "तो तुला काय करतो रे?"

त्याने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केले. "विस्तव नाई आणला तं तोंड कापसात दाबून ठेवते. मंग श्वास येत नाई जी. परवा दोनदा दाबलं. काल त्याची चिलीम सांडली अन् कापूस पेटला. म्हणे, विस्तव तुया घरचा, तवा आग तुयीच. अन् मायं नाव घेतलं तं या बारीनं काढतच नाई म्हणे तोंड."

मी त्या पोत्याकडे पाहिले. आदल्या दिवसापासून मी त्याला त्याच पोत्यासमोर कोंडला होता. मी ते स्वतः उचलून बाहेर नेऊन टाकले.

ओसरीवर अडत्या मुलाजवळ उभा होता. मी चिलीम त्याच्यापुढे धरली. मुलाने तोंड उघडण्याआधीच बाप बोलून गेला, "अरे, ही तं मायी! आठ दिवसांपासून सापडून नाई राहिली." मग मुलाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले आणि तो खाली बसला. "पोरं आहेत जमादारसाहेब, मिटवून टाका," असे त्याने पुष्कळ विनवले. मी सगळे कागदावर घेतले. राखणदार वाचला, साहेबांनी मुलाला फटक्यांची सजा दिली आणि शाळेतून त्याचे नाव कमी झाले.

पोराला मात्र मी चिलीम सापडली त्याच दुपारी सोडले होते, पण तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीना.

"तो बाहेर आहे का जी?"

"नाही. आत बसवलाय."

तरी तो हलेना. शेवटी मी पागोटे चढवले आणि भर बाजारातून त्याला मळ्यापर्यंत सोबत केली. वाटेत कापसाच्या गाड्या आल्या की तो माझ्या आड होई.

तेव्हापासून चौकशीत मी आवाज चढवला नाही. झटकन मिळालेली कबुली मी आधी बाजूला ठेवायला शिकलो, कारण भ्यालेला माणूस समोरच्याला हवे तेच बोलतो. नोकरीत शेकडो लोकांनी सोडा म्हणून माझे पाय धरले. सोडू नका म्हणून धरणारा तो एकच. काहून, हे मी त्याला तेव्हाच विचारले असते, तर त्या कापसासमोरची एक रात्र त्याला काढावी लागली नसती.