गरीब गाठ
भालकीचा लॅबवाला रक्त घेताना शेतात काय पेरलंय ते विचारत राहायचा. सुई टोचलेली कळायची नाही. प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला तेव्हा म्हणाला, "अप्पा, गाठ गरीब हाय का खवळणारी, ते तुकडा तपासल्याबिगर कळत न्हाई."

तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्यानं शेताचं विचारलं नाही. मी उदगीरचा, मला कानडी येत नसणार असं धरून तो सोबत आलेल्या माझ्या भालकीच्या जावयाला कानडीत हळूच म्हणाला, "खवळणारी आहे. लवकर हैदराबादला न्या." मग माझा हात धरून मराठीत म्हणाला, "गरीब हाय, अप्पा. कामून घाबरायलाव?"

माझी आई इकडच्याच खटकचिंचोळीची. मी पहिल्यांदा बोललो तेच कानडीत.

"व्हय," मी म्हणालो, आणि यंदा तूर कशी आलीय ते मीच त्याला सांगत बसलो.