चटणी नको, पेंढी पाहिजे

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला एक हरताळ. गिरणी बंद, लालबाग चिडीचूप, आणि मी चाळीमागच्या मैदानात इंजिनाची दोरी ओढत उभा... गवत गुडघ्याला लागत होतं.

शाळा माझी चौथीपर्यंतची. पण गिरणीत मागांच्या खात्यात राहून यंत्राची भाषा कळायला लागली होती. जुन्या बाजारातून पाण्याच्या पंपाचं पेट्रोल इंजिन आणलं, बाबागाडीची चाकं लावली, खाली पंख्यासारखं फिरणारं पातं... झालं गवत कापायचं मशीन तयार.

हा खटाटोप शेजारच्या भागूमावशीसाठी. ती या मैदानातलं गवत विळ्याने कापायची, पेंढ्या बांधायची आणि नाक्यावरच्या देवळाबाहेर गाय घेऊन बसायची. येणारा-जाणारा पेंढी विकत घेऊन गाईला भरवायचा, त्यावर तिचं घर चालायचं.

त्या वर्षी मावशी मोरीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. गवत नसलं तर देवळाबाहेरची जागा दुसरी कोणी धरणार, ही तिची रोजची धास्ती.

मशीन सुरू झालं. फटफट एवढी, की पोलिसांची गाडी आली समजून गॅलरीतल्या दोघा-तिघांनी दारं लावून घेतली. पण चाललं झक्क... हातभर रुंद पट्टा साफ. मी ऐटीत मागे बघितलं.

मावशीने वाकून मूठभर गवत उचललं. नुसता भुगा.

"मेल्या, ह्येची पेंडी कशी बांदू? लोकांनी गायीक काय कोशिंबीर भरवूची?"

बरोबरच होतं. पुण्य करायला आलेल्या माणसाला हातात धरायला जुडी लागते, भुगा घेऊन तो काय करणार...

दुसऱ्या दिवशी दत्तूच्या सलूनमध्ये बसलो होतो. दुकानात मुंबईवरून वाद पेटलेला, माझं लक्ष मात्र आरशात. त्याचं हातातलं मशीन माझ्या कानावरून सरकत होतं आणि केस लांबच्या लांब, अख्खे गळत होते... दात्यांची एक पट्टी स्थिर, दुसरी तिच्यावर इकडून तिकडे.

"दत्तू, जरा हळू चालव."

"लागतंय काय?"

"नाय रे, बघतोय."

"मग तिकीट काढ," तो म्हणाला.

गोल फिरणाऱ्या इंजिनाकडून मागेपुढे हालचाल कशी करून घ्यायची, हे मागवाल्याला शिकवावं लागत नाही. मागावर धागा ठोकणारी फणी तशीच हलते. फिरतं पातं काढलं आणि पुढे दात्यांच्या दोन पट्ट्या बसवल्या.

रविवारी मैदानात सभा होती, म्हणून सकाळीच सुरुवात केली. मशीन पुढे जाईल तसं मागे गवत आडवं पडत गेलं... अख्खं, सगळे देठ एका बाजूला.

मावशीने जुडी पायाखाली दाबली, डाव्या हाताने गवताचाच वेढा मारला, टोक दातात धरून आवळलं. मग पेंढी उलटी धरून झटकली. एक काडी गळली नाही.

"आता चलव फुडे. थांबलंस कित्या?"

संध्याकाळी सभेची माणसं त्या साफ मैदानात मांडी घालून बसली, आणि मावशी देवळाबाहेर आपल्या जागेवर.

पुढे आयुष्यात पुष्कळ यंत्रं जुळवली, बहुतेक सगळी चालली. पण कोणासाठी काही करायला घेतलं की आधी विचारतो, बाबा रे, कापून झाल्यावर त्याचं तू करणार काय... ही सवय मला त्या माउलीने लावली.