ताई, एकच काठी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि त्याला तर मी मला पडलेली स्वप्नंही सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही उषाताईंना ओळखत नाही, म्हणून.

नवरा फौजेत. त्याची बदली चंडीगडला झाली तेव्हा मी साताऱ्याहून थेट इथं आले. सरळ रस्ते, सारखी दिसणारी घरं, आणि बोलायला कुणी नाही. भाजीवाल्याशी मी मोडक्या हिंदीत घासाघीस करत होते, तर मागून आवाज आला, "कुठली गं तू?" त्या उषाताई. कोल्हापूरच्या, निवृत्त कर्नलांच्या पत्नी, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनीच माझ्या हातात गोल्फची काठी दिली. खेळ शिकवला, नियमही शिकवले. "इथं पंच नसतो, मेधा," त्या म्हणायच्या. "आपणच मोजायचं, आपणच सांगायचं."

थंडीतल्या सकाळी ते मैदान जमिनीवरचं वाटायचंच नाही. धुक्यात झाडं बुंध्याशिवाय तरंगायची. चेंडू मारला की तो पांढऱ्यात विरघळायचा आणि आपण त्याच्यामागे चालत राहायचं — जणू झोपेत. कुठूनतरी मोर ओरडायचा. त्या चालण्यातच ताईंनी मला एकदा सांगितलं होतं, की त्यांच्या आईला शेवटी कुणाचीच ओळख राहिली नव्हती. स्वतःच्या मुलीचीही नाही. "मला मरणाची भीती नाही गं," त्या म्हणाल्या होत्या. "याची आहे."

हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

बायकांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आम्ही दोघीच उरलो. मी त्यांना कधीच हरवलं नव्हतं. सगळीकडे माझी ओळख 'उषाताईंची मेधा' — मला ते आवडायचं की टोचायचं? त्या दिवशी टोचलं असावं. दोघी बरोबरीत होतो, आणि ताईंचा चेंडू चोमध्ये गेला. चो म्हणजे मैदानातून जाणारा पावसाळी ओढा. काठाला लाल खुंट्या. तिथं चेंडू गेला तर एक फटका दंड घ्यायचा, चेंडू जिथून आत गेला त्या जागेपासून आपल्या सगळ्यात लांब काठीनं दोन काठ्या अंतर मोजायचं आणि त्या हद्दीत गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. मोटारीचा रस्ता वगैरे आडवा आला तर दंड नाही, पण अंतर एकाच काठीचं.

ताईंनी एक काठी मोजली. तिथं झाडाची मुळं वर आली होती. पुढच्या काठीच्या अंतरात मऊ, मोकळं गवत होतं. त्या दुसऱ्यांदा काठी टेकवायला वाकल्या, आणि मी म्हटलं, "ताई, एकच काठी."

त्या वाकलेल्याच राहिल्या. "चो आहे ना? दोन की."

"एकच, ताई." इथं थांबता आलं असतं. नाही थांबले. "मागच्या आठवड्यातही तुम्ही असंच केलंत. मी बोलले नाही इतकंच."

मागच्या आठवड्यात असं काहीही झालं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धुक्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग हळू म्हणाल्या, "असं? असेल." चेंडू मुळांत सोडला. तो तिथून निघायलाच फटके गेले. मी जिंकले. पार्किंगमध्ये त्यांनी माझा दंड धरला. "यांना सांगू नकोस हं. मागच्या आठवड्याचं." मी मान हलवली — किती सहज हलली ती.

मग त्या बदलल्या. बोलता बोलता थांबायच्या, "हे मी तुला सांगितलंय का?" गाडी चालवणं सोडलं. खेळणं सोडलं. अखेर कर्नलसाहेबांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. मला हायसं वाटलं, वाटलं — सुटले. पण त्या दुपारी माझ्याकडे आल्या, चहा पुढे तसाच ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर मला आज बघतोय. तू रोज बघत होतीस. तुझ्याइतकं कोण सांगणार?"

एक वाक्य पुरलं असतं. 'मी खोटं बोलले होते, ताई.' एवढंच. खिडकीबाहेर ऊन किती कोवळं होतं. मी त्यांना विचारलं, चहा गरम करून देऊ का.

ती दोघं आता पुण्याला मुलाजवळ असतात. ताई मला फोन करतात, आधी वार कोणता ते माझ्याकडून पक्कं करून घेतात. त्या कधीच चुकलेल्या नसतात. मागच्या महिन्यात नातू झाल्याचं सांगितलं. सुनेला कामावर जायचंय, पण बाळाजवळ एकटीनं थांबायला त्या तयार नाहीत. "उगाच काही विसरले तर?" म्हणाल्या. "मी फक्त लांबून बघते त्याला."

मी म्हटलं, "जपून राहिलेलं बरं, ताई."

हेही मीच म्हटलं.