हिरवा ठिपका, लाल चौकोन

२०२४ साल. माघ सरत आलेला, ज्वारीची काढणी चाललेली. त्या दिवसांत मी मराठी भाषा सुधारली. आता ती कशी, तेही ऐकून घ्या. चहा गार करू नका.

उमरग्यात माझा मित्र बसप्पा मोटरपंप विकतो. घरात कन्नड बोलतो, त्यामुळं त्याच्या मराठीत बैल 'आली' आणि म्हैस 'आला'. तरुणपणापासून मी त्याला हसत आलोय. मी चौथी शिकलो, पण माझा बैल आला म्हणजे आलाच.

त्यानं मला फोनवरून मोटर चालू करायचं यंत्र बसवून दिलं. फोनमध्ये 'मदत' नावाचं पान होतं. चष्मा लावून वाचायला घेतलं. पहिलीच ओळ : 'हिरवा ठिपका दिसल्यास तुम्ही चालू आहात असे समजावे.'

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे सांगायचं? कुणाचा बांध मी कधी कोरला नाही. एसटी धरली, तडक दुकान गाठलं.

"बसप्पा, मी चालू?"

त्यानं स्वतःचा फोन पुढं केला. "माझी फोन पण तेच म्हणती, अण्णा. गिऱ्हाईकं समदी चालू हायेत."

फोन 'म्हणती'. मी तिथंही हसून घेतलं.

ते मराठी त्याच्या लेकीचं, महादेवीचं निघालं. हे यंत्र करणाऱ्या पुण्याच्या कंपनीत ती नुकतीच लागली होती, काम घरूनच. घर दुकानामागंच, बसप्पानं तिला हाक मारली. ती ओशाळली. "काका, तुमीच सांगा काय लिहू."

"फोन जोडलेला आहे. बास. माणसाला मधी आणू नको."

तिनं तिथंच बदललं. ती ओळ आजही तशीच आहे, बघून घ्या.

मग मी खुर्ची ओढली. 'मोटर बंद पडल्यास मालकाला कळ येईल' होतं, ते 'मालकाला कळेल' केलं.

बसप्पा म्हणाला, "लई झालं की, जेवून घे."

"थांब. तुझी मराठी पोरीपातूर आलीया. हितंच अडवतो."

शेवटी होतं : 'लाल चौकोन दाबल्यावर तुम्ही यशस्वीरीत्या बाहेर पडला आहात असा संदेश दिसेल.' एवढं लांबण कशाला?

"लिही. लाल चौकोन दाबला की तुम्ही गेलात."

महादेवी थबकली. "असंच, काका?"

"असंच. मराठी हाय ती."

छाती काढून गावी आलो. पारावर सांगितलं, फोनसुद्धा आता माझं ऐकतो.

काही दिवसांनी बसप्पाचा फोन आला. "अण्णा, तुझी चौकोन अंगावर आली बघ. गिऱ्हाईकं हात लावंनात. करंट बसतो म्हणतेत. एकजण म्हणला, आधी इमा उतरवून येतो."

"का म्हणून?"

"वाच की मोठ्यानं."

पान उघडलं, मोठ्यानं वाचलं, "लाल चौकोन दाबला की तुम्ही गेलात."

आतून बायको धावत आली. "कोण गेलं वो?"

ते बसप्पानं ऐकलं. हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला, पाणी प्याला, परत हसला. तरुणपणापासूनचं साठलेलं होतं, सावकाश हसू दिलं.

मग विचारलं, "झालं?"

"झालं."

फिट्टंफाट.