काशीगावची गाय आणि हरेशचा इलेक्टिव्ह

हरेशला कुत्रा चावला नव्हता.

गेलं वर्षभर जो भेटतो तो हेच विचारतो. "कुठला कुत्रा गं? स्ट्रे होता का?" आज हरेशला जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. परत विचारू नका.

हरेश माझा क्लासमेट. भाईंदरजवळच्या मुर्ध्याचा, कोळ्यांच्या घरातला पहिला व्हेटर्नरी डॉक्टर. मी मीरा रोडला कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. तो बाईकला बॅग अडकवून गुरांमागे फिरायचा.

शेवटच्या वर्षाला आम्हाला इलेक्टिव्ह निवडायचा होता. म्हणजे पुढे ज्यात काम करायचंय, असा एक खास विषय.

आमच्या जवळजवळ अख्ख्या बॅचने डोळे मिटून कुत्री-मांजरी घेतली. जिथे टॉवर तिथे लॅब्रॅडोर, सरळ हिशोब.

प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या रोगांचाही एक इलेक्टिव्ह होता. त्याला कोणी नावच नोंदवलं नाही. त्या वर्षी तो चाललाच नाही.

आणि या महाशयांनी घेतली मोठ्या जनावरांची सर्जरी.

"अरे बाबा, भाईंदरमध्ये गुरं उरलीत कुठे?"

"हाईत. तुला तुझ्या खिडकीतून दिसत न्हाईत."

खरं होतं त्याचं. चरायच्या जागांवर बिल्डिंगी आल्या आणि गाई कचऱ्यावर जगायला लागल्या. हरेश त्या इलेक्टिव्हमध्ये एकच गोष्ट घोटून घोटून शिकला. गाईच्या पोटातून, घशातून प्लास्टिक काढायचं. सर आम्हाला त्याचं काम बघायला उभं करायचे.

फक्त ग्लोव्हज घालायचा नाही. मी किती भांडले असेन!

"ग्लोव्हज घातला की पातळ पिशवी हाताला लागत न्हाय गं."

राई, मुर्धा, काशीगाव, कुठेही गाय लाळ गाळायला लागली की फोन हरेशला. आणि बहुतेक वेळा पिशवीच निघायची.

काशीगावच्या एका काकूंची गाय पण लाळ गाळत होती. चारा गिळत नव्हती. काका-काकूंनी जबडा धरला आणि हरेशने उघडा हात घशात घातला. दाढेने जरा खरचटलं.

पिशवी सापडली नाही.

"आत सरकली असंल, उद्या बघू," म्हणाला. उद्या गाय मेली. गाडी येऊन घेऊन गेली. तपासणी नाही, काही नाही. सगळे धरून चालले, प्लास्टिकने गेली.

गाय लाळ गाळतेय, गिळत नाहीये, तर आधी रेबीज धरा. तोंडात हात घालू नका. कुठल्याही व्हेटला झोपेतून उठवून विचारा, पाठ असतं. हरेशलाही पाठ होतं.

पण त्याच्या हाताला इतकी वर्षं फक्त पिशव्याच लागत आल्या होत्या. ही चूक आमच्यातलाच माणूस करतो, आणि तोही कामात तरबेज असलेला.

कॉलेजमध्ये आम्हाला रेबीजची इंजेक्शनं दिली होती. याने पहिलं घेतलं आणि शिमग्याला गावी पळाला. "बाकीची घेतो नंतर." घेतली नाहीत. मूर्ख कुठला!

दोन-अडीच महिन्यांनी भर दुपारी त्याचा फोन आला. मी एका पपीचे कान साफ करत होते.

"हात झिणझिणतोय. कोपरापर्यंत."

"मानेचं असेल रे. बाईक कमी चालव."

"न्हाय. आत्ता पाणी घेतलं, तर नरडं आवळलं."

मी पपीला खाली ठेवलं. दोघांनाही कळलं होतं.

"ती काशीगावची गाय," तो म्हणाला. "काका-काकूंनी तोंड धरलं होतं. लाळेत हात होते त्यांचे. तू आधी तिकडं जा, इंजेक्शनं सुरू कर त्यांची. मग माझ्याकडं ये."

"मी आधी तुझ्याकडे येते."

"माझं आता काय व्हायचं न्हाय. तुला पन ठाऊक हाय. जा ना गं!"

गेले.

काकू ऐकेनात. "आमाला काय झालाय? कुत्रा कवा चावला?" मी त्यांच्या दारात उभी राहून अक्षरशः बोंबलले. शेजारीपाजारी गोळा झाले. शेवटी दोघांना रिक्षात कोंबलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथेही तेच. "मॅडम, कुत्ता कब काटा?" गाय होती हो, गाय!

दोघांनाही पहिलं इंजेक्शन मिळालं, मग हरेशकडे गेले. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, पंखाही बंद. वारा सहन होत नव्हता. मला दारातूनच विचारलं, "दिली?"

"दिली."

मान हलवली. त्यानंतर तो माझ्याशी शुद्धीत बोलला नाही. शेवटचे दिवस कसे गेले ते मी इथे लिहिणार नाही. लिहवत नाही.

आज मुर्ध्याला वर्षश्राद्धाला गेले होते. त्याच्या आईने माझा हात धरून विचारलं, "एवरं शिकला माजा पोर. त्याला ह्या कोनी शिकवला न्हाय?"

"शिकवलं होतं, आई. पाठ होतं त्याला."

"मंग?"

मी तिच्याशेजारी बसले. त्याने काढलेल्या पिशव्यांचं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

ज्युनियर्सनो, तुमची इलेक्टिव्ह निवडायची वेळ आलीय. मेसेज करून विचारताय, मॅडम, स्कोप कशाला आहे? काय हवं ते घ्या. पण आधी इंजेक्शनांचा कोर्स पुरा करा. आणि तुमचा हात कितीही बसलेला असो, आत घालायच्या आधी जनावराकडे जरा वेळ बघत उभे राहा.

हरेश, आज काका-काकू तुझ्या घरी जेवायला आले होते. दोघंही ठणठणीत आहेत. काकूंनी तुझ्या फोटोसमोर डोकं टेकलं ते किती वेळ उचललंच नाही.

जा रे आता, शांत झोप.