आप्पानं उघडलेले डोळे

सगळा दोष आप्पाचा. आप्पा म्हणजे माझा चुलता, सिरसाळ्यात चांदीकाम करणारा, आणि गावातला सगळ्यात हट्टी म्हातारा. कोरताना चांदीचा कीस साठतो, तसे दुकानात त्याचे किस्से साठलेत. कीस निदान वितळवून कामाला तरी येतो!

झालं असं, जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या तालुकदारसाहेबांनी कुठूनशी लाकडी ठशांनी छापलेली जपानी चित्रं आणली. तीच चांदीच्या भांड्यांवर हुबेहूब कोरून हवी होती. म्हणाले, "जिसका हाथ पसंद आया, उसको हैदराबाद के कारखाने में ले जाऊँगा." मी शाळा सोडून बसलेलो. मास्तर उर्दूत मारायचा, आप्पा मराठीत. सुटायला हा एवढाच रस्ता!

*

पहिलं चित्र मोठ्या लाटेचं.

"हे काय बे? फडा काढलेले नाग?"

"लाट हाय आप्पा, समुद्राची."

"तू पायलाय समुद्र?"

"न्हाई. पर जपानच्या चारी बाजूंनी समुद्रच हाय."

"मंग ती लोकं शेती कुठं करत्यात? थापा!"

तांब्यावर नागच कोरले गेले.

*

अत्तरदाणीवर मी चित्रातल्यासारखा एकटा बगळा कोरला, बाकी चांदी मोकळी. आप्पा खवळला. "रिकामी चांदी ठिवली तर लोक म्हणतेल, कारागीर मधीच मेला!" आणि त्यानं सगळीकडं वेलबुट्टी भरली.

साहेबांचा कारकून बघायला आला. "बगळा कुठंय?"

"हाय की आत," आप्पा म्हणाला. "लाजतोय."

*

तिसरं चित्र लई अवघड. पूल, छत्र्या घेऊन पळणारी माणसं, आणि वरून बारीक रेघांचा पाऊस. रेघा कोरता कोरता माझी बोटं सुजली. शेवटची रेघ संपवून मी जेवायला गेलो. परत येतो तर आप्पा घाम पुसत बसलेला.

"थाळीवर लई ओरखडे होते बे. घासून काढले."

पुलावर लख्ख ऊन. माणसं छत्र्या धरून पळतायत!

"आप्पा, तो पाऊस होता!"

"आता उघडीप झाली."

*

राहिलं तबक. त्यावर एक जपानी बाई, डोळे रेघेएवढे. हे मात्र मी आप्पाला दिसू दिलं नाही. पण आप्पानं जन्मभर देवांचे टाक घडवलेले. त्या कामात रीत अशी, की मूर्तीचे डोळे शेवटी उघडायचे, आणि ते घरातल्या थोरल्यानंच. साहेब येणार त्या सकाळी म्हाताऱ्यानं तबक हुडकलं, आंघोळ केली, कपाळाला कुंकू लावलं आणि बाईचे डोळे उघडले. टपोरे, थेट देवीचे! काकूनं लगेच हळदकुंकू वाहिलं.

"काकू, जपानी बाई हाय ती!"

"कुठली का असंना. डोळे उघडले की देवीच."

तेवढ्यात साहेब दारात. आप्पा बसल्या जागेवरून ओरडला, "जोडे भाईर काढा साहेब!"

मला वाटलं, आता आम्ही जेलात. साहेबांनी जोडे काढले. तबकासमोर उकिडवे बसले. लई वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ये आँखें किसने बनाईं?"

हैदराबादला आप्पा गेला. मी सिरसाळ्यात टाक घडवतो.