पाचव्या घरातला घोडा

तळोद्याचे आमचे पोस्टबाबू कार्ड हातात ठेवायच्या आधी वाचत आणि मजकूर सांगून टाकत. निम्म्या गावाला वाचता येत नसे, त्यामुळे लोकांना ते उपकारच वाटत.

धुळ्याचा एक मित्र आणि मी कार्डावरून बुद्धिबळ खेळायचो. एका कार्डात एकच चाल. बेचाळीसच्या धरपकडीत त्याचं कार्ड आलं, 'घोडा वजिराच्या पाचव्या घरात.' बाबूंनी ते दोन दिवस खिशात ठेवलं, त्यावर डोकं खाजवलं आणि ठाण्यात नेऊन दिलं. मित्राला उचललं.

"मले समजनं नही, म्हनीसन फौजदारले दखाडं," ते स्वतःच मला सांगायला आले.

मी पट मांडून त्यांना सगळा खेळ समजावला. त्यांना तो पटकन समजला, आवडलाही. ठाण्यात चला म्हटल्यावर मात्र उठले, "आते साहेबले काय सांगू?"

पुढे मित्र तुरुंगात तापाने वारल्याचं कार्ड आलं. बाबूंनी नेहमीसारखा मजकूर सांगितला. जरा घुटमळले.

"वाईट जयं, गुरुजी. पन तुमना दोस्तनी चाल चुकनी व्हती. तठे घोडा मरस."